खडक वाचणारे हान्स मेरेन्स्की

पुणे जिल्ह्यात बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या वाटेवर निमगाव केतकी नावाचे गाव आहे. देहूहून पंढरपुरास निघालेली तुकाराम महाराजांची पालखी या गावी मुक्कामास थांबते. गावच्या शिवारात एखादी नवी विहीर खणावयास घेतली, की प्रथम माती लागते. मातीखाली मुरूम लागतो. मुरमाखाली कधी मऊसर मांजऱ्या खडक लागतो, तर कधी सुरुंगालाही सहजी दाद न देणारा काळा पाषाण लागतो. विहिरीच्या काठावर उभे राहून आत डोकावले, तर हे थर एकाखाली एक स्पष्ट दिसतात.

हा सारा खडक एके काळी वितळलेला रस होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो पृथ्वीच्या पोटातून भेगांवाटे वर आला, जमिनीवर पसरला आणि थंड होऊन दगड बनला. त्यावर पुन्हा नवा रस आला आणि तोही थिजला. असे वारंवार घडून आपले दख्खनचे पठार तयार झाले. उघड्यावर आलेला रस लवकर थिजतो. त्यातील निरनिराळी द्रव्ये वेगळी होण्यास पुरेसा अवकाश मिळत नाही.

परंतु असा रस जमिनीवर न येता खोल भूगर्भातच अडकून राहिला, तर काय होईल? उसाच्या मुलखातील मुलांना याचे उत्तर घरच्या घरी सापडेल. गुऱ्हाळातून आणलेली काकवी घागरीत पुष्कळ दिवस ठेवली, म्हणजे तिच्या तळाशी साखरेचे रवे बसतात आणि वर पातळ काकवी राहते. भूगर्भात अडकलेला रस हजारो वर्षे सावकाश निवतो. त्यातही रवे धरू लागतात. जड खनिजांचे रवे तळाशी जमतात आणि हलक्या खनिजांचे थर त्यांच्यावर तयार होतात. मधूनच खालून नवा रस आत शिरला, की थरांची नवी मालिका सुरू होते. शेवटी डब्यावर डबा ठेवावा तसा थरांवर थर रचलेला एक प्रचंड खडक तयार होतो.

अशा खडकांतील जगातील सर्वांत मोठा खडक दक्षिण आफ्रिकेत आहे. त्याला बुशवेल्ड असे म्हणतात. त्याचे वय सुमारे २०५ कोटी वर्षे असून विस्तार सुमारे ६५,००० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक पंचमांशाहूनही तो अधिक मोठा आहे. त्याची जाडी ७ ते ९ किलोमीटर भरते. या अवाढव्य खडकाच्या असंख्य थरांत एक अगदी बारीक थर असा आहे, की त्यात प्लॅटिनम व त्याच्या कुळातील धातू साठलेले आहेत. तो थर ज्यांनी शोधून काढला आणि ज्यांचे नाव त्याला मिळाले, त्या हान्स मेरेन्स्की यांचे हे चरित्र आहे.

हान्स यांचा जन्म १६ मार्च १८७१ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल प्रांतात झाला. मिडलबर्ग गावाजवळ बोट्शाबेलो नावाचे एक जर्मन मिशन होते. हान्स यांचे वडील अलेक्झांडर मेरेन्स्की हे तेथे धर्मोपदेशक होते आणि १८६५ साली त्यांनीच एका सहकाऱ्यासह ते मिशन उभारले होते. आजूबाजूची वस्ती बापेडी लोकांची होती. अलेक्झांडर हे नुसते उपदेशक नव्हते. त्यांनी तेथील लोकांच्या चालीरीतींचा अभ्यास केला आणि १८७५ साली संपूर्ण ट्रान्सवालचा एक नकाशा प्रसिद्ध केला. ज्या घरात भूमीचे नकाशे काढले जात, त्या घरात हान्स लहानाचे मोठे झाले. भोवती उघडी माळराने, खुरट्या काटेरी झाडांची रानटी झुडपे आणि उन्हात तापलेले डोंगर होते. ज्या बुशवेल्डने पुढे त्यांना कीर्ती दिली, त्याच्या कडेवरच त्यांचे बालपण गेले.

१८८२ साली अलेक्झांडर यांनी आफ्रिका सोडली आणि सारे कुटुंब जर्मनीस गेले. हान्स तेव्हा ११ वर्षांचे होते. मोठेपणी त्यांनी खाणकाम व भूगर्भशास्त्र हे विषय निवडले. हे शास्त्र केवळ पुस्तकांतून येत नाही, म्हणून त्यांनी कोळशाच्या खाणींत उतरून प्रत्यक्ष अनुभव घेतला. पुढे बर्लिनमध्ये त्यांचे उच्च शिक्षण झाले, त्यांनी डॉक्टर ही पदवी मिळविली आणि सरकारी खाण खात्यात ते अधिकारी झाले. पुढचे आयुष्य सुखात जावे अशीच ही नोकरी होती.

तथापि जन्मभूमीची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. १९०४ साली अभ्यासासाठी म्हणून ते दक्षिण आफ्रिकेस आले आणि तेथेच रमले. सोने, हिरे आणि कथील यांच्या शोधासाठी त्या काळी तेथे देशोदेशीचे लोक येत असत. बहुतेकांचा भरवसा दैवावर असे. मेरेन्स्की यांचा भरवसा निरीक्षणावर होता. एखादे खनिज या ठिकाणी आहे, तर ते येथेच का आहे, आणि तेच कारण दुसरीकडे कोठे लागू पडेल, असा प्रश्न ते स्वतःला विचारीत. त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि जोहान्सबर्ग येथे खाणमालकांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. अल्पावधीतच त्यांचे नाव झाले आणि हाती पैसाही आला.

परंतु सुखाचे दिवस फार काळ टिकले नाहीत. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. दक्षिण आफ्रिका ब्रिटिश साम्राज्यात होती आणि जर्मनी हा ब्रिटनचा शत्रू होता. मेरेन्स्की जन्माने आफ्रिकेतले असले, तरी ते जर्मन होते. त्यामुळे त्यांना पीटरमारिट्झबर्ग येथील फोर्ट नेपियर या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. ज्या मनुष्याचे सारे आयुष्य मोकळ्या माळावर भटकण्यात गेले, त्याच्याभोवती आता तारांचे कुंपण आले. युद्ध संपल्यावर त्यांची सुटका झाली, तेव्हा व्यवसाय मोडला होता आणि पूर्वीची संपत्ती नाहीशी झाली होती. पुढची काही वर्षे त्यांनी मोठ्या ओढगस्तीत काढली. पन्नाशी उलटली, तरी पुन्हा उभे राहण्याची चिन्हे दिसेनात. मात्र एक गोष्ट त्यांच्याजवळून कोणी हिरावून घेऊ शकले नव्हते. ती म्हणजे खडक वाचण्याची विद्या.

अशा स्थितीत १९२४ साली त्यांच्याकडे एक छोटासा नमुना आला. लायडेनबर्ग जिल्ह्यात मांडाग्सहूक नावाचे एक शेत होते. तेथे आंद्रिस लोंबार्ड नावाचा एक शेतकरी राहत असे. एका कोरड्या ओढ्याच्या पात्रातील वाळू धुताना त्याला पांढरट रंगाचे काही जड कण आढळले. हे चांदीचे कण नव्हेत, अशी त्याला शंका आली आणि त्याने ते तपासणीसाठी पाठविले. मेरेन्स्की यांनी ते ओळखले. ते प्लॅटिनम होते.

प्लॅटिनम ही मोठी विलक्षण धातू आहे. ती हवेत गंजत नाही, साध्या आम्लात विरघळत नाही आणि १,७६८ अंश सेल्सियसपर्यंत तापविल्याशिवाय वितळत नाही. ती इतकी जड आहे, की एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम भरते, तर तेवढ्याच आकाराच्या प्लॅटिनमचे वजन २१ किलोग्रॅमहून अधिक भरते. तिच्या कुळात पॅलेडियम, ऱ्होडियम, इरिडियम, रुथेनियम आणि ऑस्मियम अशा आणखी पाच धातू आहेत. या सहा बहिणी निसर्गात बहुधा एकत्रच सापडतात. नायट्रिक आम्लाच्या कारखान्यांत, प्रयोगशाळेतील मुशींत आणि दागिन्यांत प्लॅटिनम वापरतात. आज मोटारींतून बाहेर पडणारा विषारी धूर सौम्य करण्याच्या यंत्रणेतही या कुळातील धातू लागतात.

त्या काळी प्लॅटिनम मुख्यतः रशियातील उरल पर्वताच्या आणि दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाच्या नद्यांच्या वाळूतून मिळत असे. १९२३ साली ट्रान्सवालमधील वॉटरबर्ग भागात गारेच्या शिरांत थोडे प्लॅटिनम सापडले होते आणि त्यामुळे लोकांचे कुतूहल जागे झाले होते. तथापि ज्यातून वर्षानुवर्षे प्लॅटिनम काढता येईल असा मूळचा खडक कोणाच्याही हाती लागला नव्हता.

सराफांच्या पेढ्यांसमोरची माती धुऊन तिच्यातून सोन्याचे कण वेचणारे झारेकरी आपल्याकडे असत. झारेकरी पाण्यात थाळी हलवितो, तेव्हा हलकी माती वाहून जाते आणि जड कण तळाशी राहतात. लोंबार्डने हेच केले होते. परंतु पेढीसमोरची माती धुणाऱ्याला सोने कोठून आले हे ठाऊक असते. ओढ्यातील कणांचे मूळ मात्र अज्ञात होते. ओढ्याची वाळू संपली, की धन संपले. मूळ खडक सापडला, तरच काही उपयोग होता.

मेरेन्स्की यांच्याजवळ शोधमोहिमेसाठी पैसा नव्हता. त्यांनी मित्रांकडे शब्द टाकला. त्यांच्यावर विश्वास ठेवून काही जणांनी वर्गणी जमविली आणि एक छोटे भागीदारी मंडळ स्थापन केले. ५३ वर्षांचे मेरेन्स्की मांडाग्सहूकला गेले आणि लोंबार्डला बरोबर घेऊन कामास लागले.

अशा शोधाची एक ठरलेली रीत असते. ओढ्याच्या पात्रात खालून वर चालत जावयाचे. ठिकठिकाणची वाळू घेऊन ती थाळीत धुवावयाची आणि कण किती मिळाले याची नोंद करावयाची. जोवर कण मिळत आहेत, तोवर मूळ अजून वरच्या बाजूस आहे. ज्या ठिकाणी कण मिळेनासे होतात, त्याच्या थोडे खाली आसपास कोठेतरी मूळ असले पाहिजे. मग ओढा सोडून काठावरच्या उतारावर चढावयाचे, चर खणावयाचे, उघडा पडलेला खडक फोडावयाचा, त्याची पूड करावयाची आणि तीही धुऊन पाहावयाची. रोजचे काम असे कष्टाचे आणि कंटाळवाणे होते. चर खणण्याचे आणि दगड फोडण्याचे श्रम आफ्रिकी मजूर करीत असत. त्यांची नावे इतिहासात नोंदली गेली नाहीत, परंतु त्यांच्या हातांवाचून या शोधात एक पाऊलही पडले नसते.

या शोधात त्यांना प्रथम एक काळसर, जड खडक मिळाला आणि त्यात प्लॅटिनम होते. असा खडक त्या प्रदेशात काही ठिकाणी उभ्या खांबासारखा जमिनीत गेलेला आढळला. कित्येक खांबांत धातूचे प्रमाण पुष्कळ होते. दुसरा कोणी असता, तर एवढ्यावर संतुष्ट झाला असता. मेरेन्स्की यांच्या मनात मात्र वेगळाच विचार चालू होता. खांब कितीही समृद्ध असला, तरी तो अरुंद असतो आणि त्याचा शेवट लवकर होतो. परंतु बुशवेल्ड हा तर थरांचा खडक होता. सरकारी भूवैज्ञानिक हॉल यांनी त्याच्या पूर्व भागाचे नकाशे आधीच तयार केले होते. त्यात काळ्या क्रोमाइटचे आणि इतर खडकांचे थर मैलोगणती सलग गेलेले दिसत होते. मग प्लॅटिनमही एखाद्या थरात साठलेले असले तर? तसे असेल, तर तो थर थाळीएवढ्या जागेत संपणार नाही. तो दूरवर सलग गेलेला असेल.

हा विचार मनात धरून त्यांनी थरांच्या आडव्या दिशेने चर खणविले आणि प्रत्येक थराचे नमुने क्रमाने तपासले. थर एका बाजूस कललेले होते, त्यामुळे जमिनीवर चालत गेले असता एकामागून एक थर पायाखाली येत. १९२४ सालच्या उत्तरार्धात त्यांना हवा होता तो थर सापडला. दिसावयास तो अगदी साधा होता. पायरॉक्झीन नावाच्या खनिजाचे ठसठशीत तपकिरी रवे आणि त्यांत क्रोमाइटच्या बोटभर जाडीच्या काळ्या रेघा, एवढेच त्याचे रूप होते. वर्षानुवर्षे त्यावरून गुरे चरावयास जात होती. कोणाला त्याची शंकाही आली नव्हती. त्याच्या पुडीची थाळी धुतली, तेव्हा तळाशी पांढरट कणांची शेपटी उमटली.

या थरात धातू कशी साठली असावी? पाण्यात तेल टाकले, तर त्याचे थेंब पाण्यात मिसळत नाहीत. भूगर्भातील रसात गंधकयुक्त रसाचे थेंब असेच वेगळे झाले. त्यांनी भोवतालच्या रसातील प्लॅटिनम व त्याच्या भगिनी-धातू स्वतःकडे ओढून घेतल्या आणि ते या थराच्या जागी साठले, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. काही तपशिलांविषयी मात्र त्यांच्यात अजूनही मतभेद आहेत.

आता कसोटीचा प्रश्न होता. मेरेन्स्की यांचा तर्क खरा असेल, तर हा थर दूरवर सापडला पाहिजे. त्यांनी थराचा माग काढण्यास आरंभ केला. कोठे तो मातीखाली दडे, कोठे ओढा त्याला तोडून जाई. तेथे त्याच्या खालचे व वरचे थर ओळखून मधला थर कोठे असावा, हे ते ठरवीत. तसा चर खणला, की थर हजर असे. पूर्वेकडील कड्याने तो शंभराहून अधिक किलोमीटर गेलेला आढळला.

परंतु तर्क एवढ्यावर थांबत नव्हता. बुशवेल्डचा आकार काहीसा एकात एक ठेवलेल्या परातींसारखा आहे. परातींच्या कडा जमिनीवर उघड्या पडल्या आहेत आणि मधला भाग खोल गेला आहे. परातीच्या एका कडेवर जो थर दिसतो, तो दुसऱ्या कडेवरही दिसावा. १९२५ साली उत्तरेस पॉटगीटर्सरस येथे प्लॅटिनमयुक्त थर मिळाला. या गावास आज मोकोपाने म्हणतात. त्याच वर्षी मांडाग्सहूकपासून सुमारे ३०० किलोमीटर दूर, पश्चिमेकडील रस्टनबर्ग येथेही तो थर सापडला. जो थर पूर्वेस मातीत हरवला होता, तो पश्चिमेस पुन्हा डोके वर काढून उभा होता. तर्क खरा ठरला होता. या थरास पुढे मेरेन्स्की रीफ हे नाव मिळाले.

या थराची जाडी बहुतेक ठिकाणी एक मीटरहूनही कमी आहे. त्यातील एक टन खडक फोडला, तर या कुळातील धातू सुमारे ५ ते ६ ग्रॅम मिळतात. म्हणजे गाडीभर दगड फोडावा, त्याचे पीठ करावे आणि त्यातून एका वाटाण्याएवढा धातूचा गोळा काढावा, असा हा उद्योग आहे. तरीही तो परवडतो, कारण थर दूरवर सलग आहे. आज या कुळातील धातूंच्या जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश साठा एकट्या बुशवेल्डमध्ये आहे.

शोधाची बातमी पसरताच लोकांची एकच झुंबड उडाली. जागोजाग कंपन्या निघाल्या आणि शेतांच्या किमती चढल्या. थोड्याच काळात प्लॅटिनमचा भाव उतरला आणि त्यांतील बहुतेक कंपन्या बुडाल्या. रस्टनबर्गचे काम मात्र टिकले आणि १९३१ साली तेथे एक मोठी कंपनी उभी राहिली.

या वैभवाची दुसरी बाजूही ध्यानात ठेविली पाहिजे. ज्या भूमीत हे धन निघाले, तेथे बापेडी आणि इतर आफ्रिकी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. १८७९ साली बापेडींचे राजे सेखुखुने यांचा ब्रिटिश सैन्याने पराभव केला. १९१३ च्या कायद्याने देशातील बहुतेक जमीन विकत घेण्याचा आफ्रिकी लोकांचा हक्क काढून घेतला. त्यामुळे खाणीत घाम गाळणारे एक आणि नफ्याचे धनी दुसरे, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. ती वेदना सहजी संपली नाही. २०१२ साली रस्टनबर्गजवळच्या मारिकाना येथील प्लॅटिनम खाणीत वेतनवाढीसाठी संप चालू असता, एका दिवशी पोलिसांच्या गोळीबारात ३४ कामगार मृत्युमुखी पडले. जमिनीखालचे धन शोधणे ही विद्या आहे. ते न्यायाने वाटून घेणे ही त्याहून अवघड विद्या आहे.

मेरेन्स्की यांची शोधकवृत्ती प्लॅटिनमपाशी थांबली नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेंज नदीच्या मुखाजवळ, १९२६ साली ते हिऱ्यांच्या शोधास गेले. तेथे त्यांच्या ध्यानात आले, की समुद्राच्या जुन्या काठावरील ज्या थरात शिंपल्यांचे अवशेष आहेत, त्याच थरात हिरेही आहेत. मग हिरे शोधण्याऐवजी ते शिंपले शोधू लागले आणि त्यांच्या सोबतीने विपुल हिरे सापडले. पुढे क्रोमाइट आणि खतांसाठी लागणारे फॉस्फेट यांच्या शोधातही त्यांचा मोठा वाटा होता. प्रत्येक वेळी पद्धत एकच होती. प्रथम पाहावयाचे, मग कारण शोधावयाचे आणि त्या कारणाच्या मागोमाग जावयाचे.

हिऱ्यांतील आपला हिस्सा विकल्यावर ते अतिशय धनवान झाले. त्यांनी विवाह केला नव्हता. मोठ्या शहरात ऐश्वर्यात राहणे त्यांना सहज शक्य होते. परंतु १९२९ साली त्यांनी ट्रान्सवालच्या उत्तर भागात वेस्टफालिया नावाची शेतजमीन घेतली. तेथील डोंगरांवरची झाडे तोडली गेली होती, पावसाबरोबर माती वाहून जात होती आणि झरे आटत चालले होते. मेरेन्स्की यांनी उतारांवर लाखो झाडे लावली, माती अडविली, बंधारे बांधले आणि फळबागा केल्या. ज्यांनी सारे आयुष्य पृथ्वीच्या पोटातून काही ना काही बाहेर काढण्यात घालविले, त्यांनी उतारवयात तिच्या अंगावरची माती जपण्याचे व्रत घेतले. आपल्या पश्चात हे काम चालावे, म्हणून त्यांनी एक विश्वस्त संस्थाही स्थापन केली. २१ ऑक्टोबर १९५२ रोजी वेस्टफालिया येथेच त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ८१ वर्षांचे होते.

त्यांनी दाखविलेल्या वाटेने आज अनेक देशांतील भूवैज्ञानिक चालतात. आपल्या देशातही ओडिशातील बौला-नुआसाही, कर्नाटकातील हनुमलापुरा आणि तमिळनाडूतील सित्तमपुंडी येथील जुन्या थरयुक्त खडकांत या कुळातील धातूंचा शोध घेण्यात आला आहे. आपल्या महाराष्ट्रात भंडारा आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत क्रोमाइटयुक्त खडक आढळतात. प्लॅटिनमच्या शोधात क्रोमाइट ही एक महत्त्वाची खूण असते, हे आपण या चरित्रात पाहिलेच आहे.

निमगाव केतकीच्या विहिरीतील काळ्या पाषाणातून असे प्लॅटिनम निघत नाही. त्याने आपल्याला दुसरे धन दिले आहे. त्याच्या झिजेतून काळी माती झाली आणि त्याच्या भेगांत साठलेल्या पाण्यावर मळे पिकले. पण तो पाषाण आणि बुशवेल्डचा खडक, दोघेही एकाच लिपीत लिहिलेले आहेत. मेरेन्स्की यांच्यापाशी संकटाच्या काळी पैसा नव्हता, तरुणपण नव्हते आणि मोठ्या पदाचा आधारही नव्हता. त्यांच्यापाशी होता शेतकऱ्याने पाठविलेला चिमूटभर नमुना आणि तो वाचण्याची चिकाटी. तुम्ही पुढच्या वेळी विहिरीच्या काठाशी जाल, तेव्हा सावधपणे उभे राहा आणि खालचे थर एकदा नीट मोजून पाहा. कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा, हे स्वतःला विचारा. भूमीचे पुस्तक वाचावयास तेथूनच आरंभ होतो.

स्वाध्याय

१. जमिनीवर थिजलेला रस आणि भूगर्भात सावकाश निवलेला रस यांत काय फरक पडतो? काकवीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. महायुद्धामुळे मेरेन्स्की यांच्यावर कोणती संकटे आली?

३. ओढ्यातील कणांवरून मूळ खडकापर्यंत कसे पोहोचतात, ते क्रमाने लिहा.

४. काळसर खडकाचे खांब सापडल्यावरही मेरेन्स्की यांनी थराचा शोध का चालू ठेवला?

५. खाणीतील श्रमिक आणि खाणीतून मिळणारे धन यांविषयी या पाठात काय सांगितले आहे? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.

६. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन तुमच्या परिसरातील एखादी विहीर, खाण किंवा नदीचा काठ पाहा. तेथील मातीच्या व खडकांच्या थरांचे चित्र काढून त्यांना तुमच्या गावात वापरली जाणारी नावे द्या.